सम चुकली नव्हती

*नमस्कार ताई, मी १९ वर्षांची आहे. आठव्या वर्षापासून कथक शिकते. दोन महिन्यांपूर्वी एका टीव्ही डान्स शोच्या ऑडिशनला गेले होते. ९० सेकंद मिळणार होते. टीव्हीवर चक्कर आणि तत्कारच (पायांचं काम) चालतात असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून द्रुत तीनतालात तेवढंच बसवलं. माझा पावणेदोन मिनिटांचा ट्रॅक तिथे आयत्या वेळी मधून कापून ९० सेकंदांवर आणला. मीही घाईघाईत मधली काही आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) गाळली. शेवटची तिहाई (तीनदा येऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर संपणारा बोल) घेऊन थांबले, तेव्हा लेहरा (साथीची धून) भलतीकडेच होता. एक परीक्षक म्हणाले, "तयारी छान आहे, पण एकसुरी वाटलं. वर्सटाइल हो, थोडं कंटेम्पररी मिसळ." माझ्यानंतरच्या मुलाने कंटेम्पररी केलं आणि तिघेही परीक्षक उभे राहिले. आता वाटतं, वर्षभर कथकचा क्लास बंद करावा, कंटेम्पररी शिकावं आणि पुन्हा जावं. बाईंना हे सांगितलं तर त्या काहीच बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. हे शो आधीपासूनच ठरावीक शैलीच्या बाजूने असतात का? असतील तर मी शैली बदलावी का?*

*— सम चुकलेली*

प्रिय मुली,

पत्राखाली तू जे नाव घेतलंस, ते आधी काढून टाकू. कागद घे आणि माझ्याबरोबर हिशेब कर. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा धरू. म्हणजे १६ मात्रांचं आवर्तन ४ सेकंदांत पूर्ण होतं. तुझा ट्रॅक १०५ सेकंदांचा होता, त्यातले १५ काढले. १५ सेकंद म्हणजे पावणेचार आवर्तनं. तू नाचताना गाळलीस ती पूर्ण चार आवर्तनं असणार, कारण अकरा वर्षं ताल अंगात मुरलेली मुलगी पाऊण आवर्तन गाळूच शकत नाही. लेहरा आणि तू यांच्यात फरक पडला तो चार मात्रांचा, म्हणजे एका सेकंदाचा. पंधराऐवजी सोळा सेकंद कापले असते, तर तुझ्या शेवटच्या 'धा'वर लेहऱ्याची सम चोख आली असती. तुझी लय थोडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, पण गोष्ट तीच राहील. तू समेवरच आलीस. ट्रॅक कापणाऱ्याने सेकंद मोजले, आवर्तनं मोजली नाहीत.

हे इतकं बारकाईने सांगतेय, कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या एका सेकंदात आहे. पक्षपात असतो का? असतो. पण आपण तो परीक्षकांच्या मनात शोधतो आणि तिथे तो फार थोडा सापडतो. तो त्यांच्याही आधी येऊन बसलेला असतो: घड्याळात, माइकमध्ये, कॅमेऱ्यात आणि गुणांच्या तक्त्यात.

घड्याळ तू अनुभवलंस. विलंबितात मिनिटाला ४० मात्रा धरल्या तर तीनतालाच्या एका आवर्तनाला २४ सेकंद लागतात. ९० सेकंदांत चार आवर्तनंही बसत नाहीत. जो नाच ठाटापासून, म्हणजे डौलात स्थिर उभं राहण्यापासून, सुरू होऊन आमद, तोडे, परण, गतनिकास, गतभाव असा तासभर चढत जातो, त्याच्या वाट्याला शिखर तेवढं येतं, चढण येतच नाही. कंटेम्पररीची रचना मुळातच तीन-चार मिनिटांच्या गाण्यावर बांधलेली असते. तिला ९० सेकंदांवर आणताना कात्री लागते, पण धड शाबूत राहतं.

माइकचं दुखणं त्याहून मोठं आहे. कथकमध्ये पाय हे वाद्य आहे. घुंगरांचा आवाज ट्रॅकखाली दबला तर ऐकणाऱ्याच्या हाती उरतात वरचे हात आणि चेहरा. टॅप, म्हणजे बुटांनी ताल वाजवणारा नाच, करणाऱ्यांचंही हेच रडगाणं आहे. जमिनीलगत माइक नसेल तर त्यांची अर्धी कला हवेत विरते. आणि कॅमेरा! ज्या क्षणी तत्कार रंगात येतो, नेमक्या त्याच क्षणी तो तुझ्या चेहऱ्यावर जातो, कारण चेहऱ्यावर भाव असतात आणि पाय तेच ते करतायत असं त्या दिग्दर्शकाला वाटतं. याउलट कानापाशी गेलेला पाय, हवेतली झेप, जोडीदाराने उचलून धरलेलं शरीर हे लांबून, आवाज बंद करून पाहिलं तरी कळतं. समजावून सांगावं लागत नाही.

आता तक्त्याबद्दल, आणि इथे मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला मी परीक्षक होते. हातात दिलेल्या कागदावर रकाने होते: पदन्यास, मुद्रा, अभिनय, वेशभूषा. एक मुलगा आला आणि त्याने पॉपिंग हा स्ट्रीट डान्सचा प्रकार केला. मुद्रांच्या रकान्यात मी त्याला दहापैकी दोन दिले, अभिनयात तीन. बक्षीस समारंभानंतर तो माझ्याकडे आला. भांडायला नाही, विचारायला. मी म्हटलं, मला तुझ्या नाचात काही घडताना दिसलंच नाही. त्याने शांतपणे माझा हात आपल्या दंडावर ठेवला आणि तोंडाने ठेका धरला. प्रत्येक ठोक्याला त्याचा स्नायू माझ्या तळव्याखाली ताडकन आवळत होता आणि सुटत होता, एकही ठोका मागेपुढे नाही. हात जागचा हललाही नव्हता. आपण ज्याला 'लयकारी' म्हणतो, ती माझ्या तळहाताखाली चालू होती आणि तासाभरापूर्वी मी तिला दहापैकी दोन देऊन आले होते. माझ्या मनात त्या मुलाबद्दल काडीचाही आकस नव्हता. माझ्या कागदावर त्याच्या नाचासाठी रकानाच नव्हता, आणि तो नाही हे मला दिसलंही नव्हतं.

म्हणून तुझ्या परीक्षकावर मी पटकन रागावू शकत नाही. पण त्याचा निकाल तुझ्या कथकचा निकाल आहे असंही मानू शकत नाही.

हे एकाच शोचं किंवा एकाच देशाचं नाही. 'सो यू थिंक यू कॅन डान्स' हा अमेरिकी शो २००५ मध्ये सुरू झाला. त्याच्या विजेत्यांत कंटेम्पररीवाल्यांची नावं सगळ्यांत जास्त आहेत. क्रम्प हा स्ट्रीट डान्स करणारा रसेल फर्ग्युसन २००९ मध्ये जिंकला. टॅपची पहिली विजेती गॅबी डियाझ यायला २०१५ उजाडलं, आणि पहिला बी-बॉय (ब्रेकिंग करणारा) विजेता, बेली मुनोझ, २०१९ मध्ये आला. हे असं का, ते तिथल्या रचनेत शिरलं की समजतं. स्पर्धकाला दर आठवड्याला परकी शैली आणि नवी कोरिओग्राफी चिठ्ठीतून मिळायची. लहानपणापासून स्टुडिओत बॅले, जॅझ, कंटेम्पररी शिकलेल्या मुलांना आठच्या मोजणीत रचना उचलायची, जोडीदाराला तोलायची, रेषा धरायची सवय असते. रस्त्यावर, वर्तुळात उभं राहून शिकलेल्या मुलाचा खरा नाच प्रेक्षकांना दिसायचा तो छोट्याशा सोलोत. बाकी सगळा वेळ तो दुसऱ्याच्या भाषेत परीक्षा देत असायचा. २०१५ मध्ये त्या शोने स्पर्धकांचे 'स्टेज' आणि 'स्ट्रीट' असे दहा-दहाचे दोन गटच केले. तराजू एका बाजूला झुकतो हे कुठेतरी पटल्याशिवाय कुणी असं करत नाही, असं मला वाटतं.

आणि तराजू नेहमी कंटेम्पररीकडेच झुकतो असंही नाही. 'वर्ल्ड ऑफ डान्स'मध्ये एकटे नर्तक आणि मोठे संघ एकाच अंतिम फेरीत येऊ शकायचे. तिथे पहिल्या तीन पर्वांत ले ट्विन्स, द लॅब आणि आपले द किंग्ज जिंकले, तिन्ही हिप-हॉपच्या घराण्यातले. ब्रिटनच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'मध्ये चार परीक्षक दहापैकी गुण देतात, सगळ्यांना तेच चाळीस. तरीही रुंबा वाट्याला आला की पुरुष स्पर्धकांचं अवघड होतं, ही तिथल्या प्रेक्षकांची जुनी तक्रार आहे. संथ नाच, लपायला जागा नाही. तिथे २००९ मध्ये चार्ल्सटन हा नाच आला, २०१८ मध्ये जोडीला शैली निवडू देणारा 'कपल्स चॉइस' आला, म्हणजे साचा माणसांनीच केलेला असतो आणि माणसं तो बदलूही शकतात.

आपल्याकडे 'डान्स इंडिया डान्स' २००९ मध्ये सुरू झाला तेव्हा समोर बसले होते टेरेन्स लुईस, रेमो डिसूझा आणि गीता कपूर. कंटेम्पररी, हिप-हॉप, बॉलिवूड. तिघेही आपापल्या वाटेवरचे जाणकार. पण त्या तीन खुर्च्यांत शास्त्रीय नृत्याची म्हणून खुर्ची नव्हती. तिहाईचा तिसरा पल्ला सुरू झाला की अंगावर काटा येतो, तो जिला ती येतेय हे आधी कळतं तिच्या. परीक्षकाला ते कळत नसेल तर तो प्रामाणिकपणे जे दिसलं तेच सांगणार: तयारी छान आहे.

क्रमाचा मुद्दा थोडक्यात. युरोव्हिजन गीतस्पर्धा आणि फिगर स्केटिंग यांच्या गुणांचा अभ्यास झाला आहे आणि नंतर सादर करणाऱ्यांना जास्त गुण मिळण्याकडे कल असल्याचं त्यात दिसलं. तू त्या मुलाच्या आधी होतीस. याचा फार विचार करू नकोस, तो तुझ्या हातात नाही.

उलट उदाहरणही सांगायला हवं, नाहीतर तू निराश होशील आणि ते चित्र खरंही नसेल. 'इंडियाज बेस्ट डान्सर'च्या दुसऱ्या पर्वाची विजेती सौम्या कांबळे बेली डान्ससाठी ओळखली जाते. कुठल्याही तक्त्यात सहज न बसणारी शैली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग आलं तेव्हा तंत्र, हालचालींचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि नावीन्य अशा पाच कसोट्या होत्या, पाचांना सारखंच वजन. नऊ परीक्षक दोन नर्तकांची समोरासमोर तुलना करत होते. कसोट्या त्या नाचाच्या आतून आल्या होत्या. कथकला असा तक्ता मिळाला तर त्यात लयकारी असेल, पढंत (बोल तोंडाने म्हणणं) असेल, ठाटातला ठहराव असेल.

ठाट हा शब्द आला आणि आता मला तुझ्याशी जरा कडक बोलायचं आहे.

तू लिहिलंस, टीव्हीवर चक्कर आणि तत्कारच चालतात म्हणून तेवढंच बसवलं. अकरा वर्षांत तू ठाट शिकलीस. घुंगट, मटकी, मुरली यांच्या गती शिकलीस. एका नजरेत यशोदा आणि दुसऱ्या नजरेत कृष्ण उभा करायला शिकलीस. त्यातलं काहीही तू सोबत नेलं नाहीस. ट्रॅक त्यांनी कापला, पण त्याच्या आधी घरी बसून तू तुझा नाच कापला होतास. 'एकसुरी' हा शब्द परीक्षकाने चुकीच्या कारणाने वापरला असेल, तरी त्या ९० सेकंदांपुरता तो खोटा नव्हता. एकच लय, एकच जोश, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. तुझ्या नंतरच्या मुलाला परीक्षक उभे राहिले, त्यातही शैलीचा वाटा किती आणि तो मधेच थांबला असेल, त्याने श्वास घेतला असेल, त्याचा वाटा किती, हे मी इथून सांगू शकत नाही. तू तिथे होतीस. रागाशिवाय आठवून बघ.

शैली बदलावी का? माझं उत्तर स्वच्छ आहे: या शोसाठी नको. अकरा वर्षांची नर्तकी आज कंटेम्पररीच्या दारात गेली की एक वर्षाची नर्तकी होते. पुढच्या ऑडिशनला तुझ्यासमोर अशी मुलं असतील जी लहानपणापासून जमिनीवर पडायला शिकली आहेत. पडणं म्हणजे नुसतं पडणं नव्हे. वजन कुठून सोडायचं, खांदा आधी की नितंब आधी, श्वास कधी सोडायचा, हे शरीरात मुरायला तितकीच वर्षं लागतात जितकी तुला पाच चक्कर एका जागी घ्यायला लागली. तू त्यांच्या अंगणात त्यांच्याच खेळात उतरशील आणि आपलं अंगण मागे सोडून आलेली असशील.

कंटेम्पररी शिकूच नकोस, असं मी म्हणत नाहीये. तो सुंदर नाच आहे. तुला त्या मुलाकडे बघताना पोटात काही हललं असेल, जमिनीशी खेळावंसं वाटलं असेल, तर जरूर शीक, कथक चालू ठेवून शीक. त्याने तुझी पाठ मोकळी होईल, वजनाची समज वाढेल आणि कोरिओग्राफीच्या फेरीत दुसऱ्याची रचना पटकन उचलता येईल. ही शेवटची गोष्ट खरोखर कामाची आहे. पण परीक्षकाला 'मिसळलेलं' हवं म्हणून दोन तोड्यांच्या मधे एक लोळण घालशील, तर कथकवाले मान फिरवतील आणि कंटेम्पररीवालेही.

पुन्हा जायचं असेल तर मात्र ९० सेकंद त्यांच्याकडून मागून घेऊ नकोस, तूच बांधून ने. ट्रॅक घरी बनव, आवर्तनांच्या हिशेबात. २४० च्या लयीत २२ आवर्तनं म्हणजे ८८ सेकंद, दोन सेकंद शिल्लक राहतात. तिथे कुणी कापायला लागलं तर नम्रपणे सांग की कापायचं असेल तर चार सेकंदांच्या पटीत कापा. रेकॉर्डिंगमध्ये घुंगरांचा आवाज आधीच भरून नेऊ नकोस, ते खोटं वाटतं आणि पाय जरा मागेपुढे झाले तर उघडं पडतं. त्याऐवजी आत गेल्यावर फ्लोअरवर जो कुणी असेल त्याला विचार की पायांपाशी माइक ठेवता येईल का, आणि शेवटच्या पंधरा सेकंदांत पाय दिसू देत. नाही म्हणतील कदाचित. विचारल्यावर हो म्हणणारी माणसंही असतात, पण न विचारता कुणी ठेवत नाही.

आणि पढंत कर. हे सगळ्यांत महत्त्वाचं. नाचण्याआधी तिहाई हातावर ताल धरून तोंडाने म्हण. आठच सेकंद लागतील. डाव्या तळव्यावर उजवा तळवा, सम आली की टाळी जरा जोरात. समोरच्याला कथकचा 'क' येत नसू दे, त्याच्या कानाला एकदा कळलं की हे तीनदा येणार आहे आणि तिसऱ्यांदा त्या 'धा'वर थांबणार आहे, की तो तुझ्याबरोबर मोजायला लागतो. मग तू पायांनी तीच तिहाई घेतलीस की त्याला ती ओळखू येते. मी हे शाळेतल्या मुलांसमोर, कधीच कथक न पाहिलेल्या आयांसमोर करून पाहिलं आहे. दुसऱ्या पल्ल्याला त्यांच्या माना हलायला लागतात आणि तिसऱ्याला टाळी समेवर पडते, बिनचूक.

उरलेल्या सेकंदांत एक आवर्तन नुसती उभी राहा. ठाटात. मनगट आणि भुवई, एवढंच. चार सेकंद टीव्हीवर फार मोठे असतात आणि कॅमेरा चेहऱ्यावर येणारच असेल तर त्याला तिथे बघायला काहीतरी असू दे. मग एक गत, मग तत्कार, मग ती तिहाई. रोज फोन समोर ठेवून चित्रण कर. एकदा आवाज बंद करून बघ, एकदा डोळे मिटून ऐक. दोन्ही वेळा काहीतरी घडतंय का, ते बघ.

बाई उठून आत गेल्या ते मला फार लागलं. त्या रागावल्या असतील असं तुला वाटतंय. मला वाटतं त्यांना वाईट वाटलं ते तू कंटेम्पररी शिकणार याचं नाही, एका वाक्यावर अकरा वर्षं बाजूला ठेवायला निघालीस याचं. त्यांच्याकडे जा. क्लास बंद करण्याबद्दल काही बोलू नकोस. हा हिशेबाचा कागद घेऊन जा, १५ आणि १६ सेकंदांचा, आणि म्हण, "बाई, मला २२ आवर्तनांत माझं कथक बसवून द्या." त्या हातावर ताल धरून मोजायला बसतील. ठाटाला किती आवर्तनं ठेवायची यावरून तुमचं वाजेलही. त्यांनी किती दिली, ते मला नक्की कळव. आणि या वेळी खाली तुझं स्वतःचं नाव लिही.